धुक्यातले दाजी

संक्रांत उलटली की उद्यमबागेच्या रस्त्यावर माणसं तुकड्यातुकड्यानं प्रकट होतात. सकाळच्या पाळीची वेळ, आणि धुकं असं की कोपऱ्यावरचं वडाचं झाड जणू रजेवर गेलेलं. मग त्या पांढऱ्यातून आधी एक दिवा येतो, मग मफलर, मग हँडलला लटकलेला डबा, आणि सगळ्यात शेवटी मोटरसायकलवर बसलेला माणूस. मी तिथल्या एका कारखान्याच्या ऑफिसात बसतो आणि संध्याकाळी हौशी नाटकांना लाइट देतो. पहिलं पोटासाठी, दुसरं पोटात दुखू नये म्हणून. तेव्हा एवढं अधिकारानं सांगतो : असा प्रवेश घेणारा नट मला आजवर मिळालेला नाही.

यंदाही धुकं उतरलं आणि माझे पाय निपाणीच्या दिशेनं वळवळायला लागले. दरवर्षी या दिवसांत मला तिकडे एक भूमिका करायला जायचं असतं. नाटक एका प्रवेशाचं, प्रेक्षक एकच, आणि संवाद मला नाहीत. कोणती भूमिका ते सांगतोच, पण आधी थोडं इकडचं तिकडचं. घाबरवायचं असेल तर माणसाला आधी हसतं ठेवावं लागतं.

निसर्गाइतका लबाड नाटकवाला मी पाहिलेला नाही. कॅम्पातल्या चर्चच्या मागून पौर्णिमेचा चंद्र उगवताना बघा. परातीएवढा असतो. रात्री तोच डोक्यावर येतो तेव्हा वाटीएवढा. चंद्र बिचारा बदललेला नसतो. शेजारी झाडं, कौलं, मनोरे असले की आपलं मनच त्याला फुगवून घेतं. खात्री करायची तर चंद्राकडे पाठ करून वाकायचं आणि आपल्याच दोन पायांमधून त्याच्याकडे बघायचं. तो झटकन लहान दिसतो. मी हा प्रयोग एका संध्याकाळी भर रस्त्यात केला. फिरायला निघालेल्या दोन फौजींच्या बायका थबकल्या. एकीनं काळजीनं विचारलं, "भाईसाब, कुछ गिर गया क्या?"

"चाँद," मी तसाच वाकलेला म्हणालो. दोघी रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या.

एप्रिलात संकेश्वरच्या पुढे हायवेवर पाणी साचतं. आपण जवळ जावं तसं ते पुढे सरकतं आणि समोरचा ट्रक त्यात उलटा तरंगतो. ड्रायव्हर लोक त्याच्याकडे ढुंकून बघत नाहीत. रोज भेटणारं भूत कुणाला घाबरवत नाही.

मला पहिल्यांदा खरं घाबरवलं ते गोकाकच्या धबधब्यानं. शालनआक्का ही माझ्या मामाची थोरली मुलगी. तिचं नवं लग्न झालं होतं आणि दाजी, म्हणजे तिचा नवरा, आम्हा सगळ्यांना गोकाकला घेऊन गेले होते. दाजी दारातून वाकून आत यायचे एवढे उंच, आणि बोलायचे मात्र असं की ऐकायला आपण पुढे सरकावं. पाणी तांबडं, भरलेलं, अंगावर येणारं. आक्का कितीतरी वेळ त्या पडत्या पाण्याकडे टक लावून बसली. मग तिची नजर शेजारच्या कातळावर गेली आणि ती किंचाळलीच.

"अगं आई! डोंगर वर चाललाय!"

मीही तसंच करून पाहिलं. पाण्यावरची नजर काढून कातळावर ठेवली, आणि तो अख्खा काळा कडा, कपारीतल्या गवतासकट, मुकाट्यानं वर चढू लागला. चढत होता आणि जागचा हलतही नव्हता. दोन्ही एकदम. दाजींनी चारचौघांत आक्काचा हात धरला, त्या काळी हे जरा जास्तच होतं, आणि हळू आवाजात म्हणाले, "कातळ हाय तितंच हाय गं. तुझं डोळं पाण्यासंगं गेलतं, ते आता माघारी यायल्यात."

हे वाक्य तेव्हा मला फक्त गोड वाटलं होतं. ते पुढे किती कामाला येणार आहे, हे दाजींनाही ठाऊक नसावं.

ज्या हंगामाबद्दल सांगायला बसलो, तो फार वर्षांनी आला. दाजी गेल्यानंतरचा तो पहिला तंबाखूचा हंगाम.

दाजी श्रावणात गेले. आक्का तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी खानापूरला होती. आदल्या दिवशी दाजींचा फोन आला होता : बाळ कसं आहे, म्हैस कशी आहे, पाऊस कसा आहे. आणि ठेवता ठेवता म्हणाले, "आलीस की तुला एक सांगायचं हाय." ती आली तेव्हा त्यांना घराच्या पुढच्या सोप्यात निजवलेलं होतं. तेवढं एक सांगायचं राहून गेलं.

"काय असंल हो?" आक्का प्रत्येकाला विचारायची. तिचा दीर दिनकरअण्णा समजूत घालायचा, "म्हशीचंच कायतरी असंल, वैनी. दादा दुसरं काय बोलायचा?" आक्का मान हलवायची. पटलेलं नसायचं. रात्री उठून बसायची आणि अंधाराला तेच विचारायची.

त्यांचं शेत निपाणीजवळ, तवंदी घाटाच्या अलीकडे, माळाच्या पार माथ्यावर आहे. पूर्वेला डोंगराचा उंचवटा, पश्चिमेला एकदम उतार. तोडलेली तंबाखू त्या शेतातच उन्हात वाळत पडते. वाळलेला पाला दिवसा हातात घेतला तर त्याचा चुरा होतो. रात्रीच्या दहिवरानं, म्हणजे दवानं, तो नरम झाला की उजाडताना भराभर उचलायचा आणि ऊन चढायच्या आत गोळा करून झाकायचा. म्हणून त्या दिवसांत आमच्याकडे माणसं सूर्याच्या आधी रानात असतात. थंडी हाडात शिरते, हात चिकट होतात, ओल्या तंबाखूचा वास घशात बसतो, आणि धुक्यात शेजारचा माणूस खोकल्यावरून ओळखायचा. खाली दरीत हायवे आहे, पण दिसत नाही. ट्रकचा हॉर्न तेवढा वर येतो, जमिनीच्या पोटातून आल्यासारखा.

त्या हंगामात एके दिवशी दिनकरअण्णाचा फोन आला. आवाज दबलेला. "रमेश, तू नाटकातला माणूस. तुला असलं कळतंय. जरा येऊन जा बाबा."

"काय झालं अण्णा?"

"दादा येतोय."

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

"रोज उजाडताना खाणीच्या बाजूला हुबा ऱ्हातोय म्हणं. वैनी त्याच्याकडं चालत जात्यात. रोज जरा फुडं. मी बाभळीचं काटं टाकलं तर त्यांनी ते बाजूला सारल्यात."

शेताच्या पश्चिम टोकाला दगडाची जुनी खाण आहे. कुणी वापरत नाही, कुंपण नाही, आणि धुक्यात काठ कुठे संपतो ते कळत नाही. मी त्याच संध्याकाळी लाल बसनं पोचलो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना सगळे रानात वाकून कामाला लागलो होतो : मी, दिनकरअण्णा, त्याची बायको मंगल, आणि जरा पुढे आक्का. आक्कानं दाजींचं घोंगडं डोक्यावरून घेतलं होतं, दाजी घ्यायचे तसंच, टोकाशी दुमडून केलेली खोळ. पाठीमागं डोंगरावरून सूर्यानं डोकं काढलं. वर ऊन आलं, पण खालची दरी अजून धुक्यानं काठोकाठ भरलेली. माझी सावली लांबच लांब होऊन पाल्यावर पडली आणि तिच्या डोक्याभोवती दहिवर लखलखायला लागलं. मी जरा खूशही झालो.

एवढ्यात आक्का ताठ उभी राहिली आणि साध्या आवाजात, बस आली असं सांगावं तशी म्हणाली, "आलं."

आणि चालायला लागली.

मी तिच्या मागून गेलो. काठाच्या अलीकडे तिच्या खांद्यामागं थांबलो, समोर पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, माझी दातखीळ बसली.

धुक्यात एक माणूस उभा होता. प्रचंड. पाय खाली दरीत कुठेतरी, खांदे आमच्या समोर. डोक्यावर खोळ. चेहरा नाही. आकार सगळा दाजींचा होता, तीच उंची, तोच जरा वाकलेला खांदा. धुकं हललं की तो जवळ यायचा, मागं जायचा, श्वास घेतल्यासारखा फुगायचा. आक्का जागची हलत नव्हती तेव्हाही तो हलत होता.

"बोला की," आक्का त्याला म्हणाली. "काय सांगायचं हुतं?"

तिनं हात पुढे केला. त्यानंही केला. तिनं एक पाऊल टाकलं, एक दगड सुटला, खाणीत गेला, आणि त्याचा आवाज यायला फार वेळ लागला.

त्या आवाजानं मी भानावर आलो. अरे, हे तर आपलं रोजचं काम! मागं दिवा, पुढं पडदा, मध्ये माणूस. मागं सूर्य, पुढं धुकं, मध्ये आक्का. मी तिचा दंड पकडला, शेजारी चिकटून उभा राहिलो आणि दोन्ही हात वर करून कोंबड्यासारखे फडफडवले. धुक्यात दुसरा एक राक्षस हात फडफडवायला लागला. त्याच्या डोक्याभोवती सात रंगांचं गोल कडं होतं, देवाच्या फोटोत असतं तसं.

"बघ आक्का! सावली आहे ही! तुझी तशी माझीपण! आणि गोल कसला पडलाय बघ माझ्या डोक्याभोवती!"

आक्कानं नीट निरखून पाहिलं. "तुझ्या कुटं हाय? तुझी नुसती काळी सावली हाय. गोल त्यांच्याच डोसक्यामागं हाय."

मी तिच्या सावलीकडे पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. कडं माझ्याच डोक्याभोवती होतं, शपथेवर सांगतो.

आमचा आवाज ऐकून दिनकरअण्णा आणि मंगल धावत आले आणि आमच्या रांगेत उभे राहिले.

"आयला!" दिनकरअण्णा म्हणाला. "गोल माझ्या डोसक्याला हाय की!"

"तुमच्या?" मंगल फणकारली. "तुमच्या डोसक्यात आत न्हाई, तर बाहेर कुटनं येनार? गोल माझ्या हाय. नीट बगा."

"अगं, मी माझ्या डोळ्यानं बगतोय!"

"मग मी काय शेजारणीच्या डोळ्यानं बगतीया?"

एका घरात चार संत, आणि प्रत्येकाच्या मते बाकीचे तिघे साधे. मला हसू आवरेना. पण आक्का हसली नाही. ती आमच्याकडे फार दया आल्यासारखं बघत होती. "मला एकच दिसतोय," ती म्हणाली. "आन् तो तुमच्यातला कुनाचाच न्हाई." मग ऊन चढलं, धुकं फाटलं, राक्षस फाटले, आणि खाली हायवेवर इवलाले ट्रक निमूट जाताना दिसले. आक्का पाठमोरी होऊन पाला उचलायला गेली. माझा पुरावाच तिनं माझ्यावर उलटवला होता.

दुपारभर मी सोप्यात लोळत विचार करत होतो. त्या रंगीत कड्याचं कोडं भांडणातच सुटलं होतं. धुक्याचा प्रत्येक थेंब उजेडाला आल्या वाटेनं माघारी पाठवतो. माझ्या डोक्यावरून गेलेला माझ्या डोळ्यांना मिळतो, तुमच्या डोक्यावरून गेलेला तुमच्या. म्हणजे कडं ज्याचं त्यालाच दिसणार. दुसऱ्याच्या डोक्याभोवतीचं तेज बघायची सोयच नाही. हा नियम मला दिवसभर पुरला. एवढ्या संतांच्या जगात आपण प्रत्येकाला साधाच का समजतो, असलं काहीबाही मनात येत राहिलं.

पण आक्काला हे सांगून उपयोग नव्हता. तिचा प्रश्न कड्याचा नव्हता, माणसाचा होता. आणि माणूस कुठून आला होता? पडद्यावर सावली पाडायची तर चेहरा लागत नाही, हे लाइटवाल्याला पहिल्या दिवशी कळतं. पागोटं दिलं की पाटील, पदर दिला की पाटलीण. सबंध जन्मात आक्काची सावली पदराची होती. खोळ घातलेली सावली तिनं एकाच माणसाची पाहिली होती. मग स्वतःला ती कशी ओळखणार?

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं. पुन्हा सूर्य, पुन्हा तो. आक्का काठाकडे निघाली आणि मी तिच्यासमोर आडवा उभा राहिलो.

"आक्का, ते घोंगडं मला दे."

तिनं ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "न्हाई."

"एकदाच."

"ह्यात त्यांचा वास हाय अजून. तुझ्या अत्तराचा लागंल."

"आक्का," मी म्हणालो, आणि त्या वेळी माझ्या आवाजात नाटक नव्हतं, "ते खरंच दाजी असतील, तर तू घोंगडं काढलंस म्हणून निघून जाणार आहेत का?"

ती थांबली. पाठीमागं दिनकरअण्णा आणि मंगलही हातातला पाला तसाच धरून उभे होते. खालून एक हॉर्न वर आला आणि बुडाला. आक्का एकदा धुक्यातल्या त्या माणसाकडे बघायची, एकदा घोंगड्याकडे. तिला काय गमवायची भीती वाटत होती, हे मला दिसत होतं; आणि आपण ते गमवायला लावतोय, हेही. शेवटी तिनं हळूच खोळ उतरवली. थंडीनं तिचे खांदे एकदम लहान झाले. मी घोंगडं माझ्या डोक्यावर घेतलं आणि तिच्या शेजारी उभा राहिलो.

आक्कानं समोर पाहिलं.

मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिची नजर डावीकडून उजवीकडे गेली, परत आली, परत गेली. तिला काय दिसत असणार ते मला पाठ होतं : रंगांचं कडं होतं तिथंच, तिच्यासमोर, पण आता त्याच्या मधोमध एक बाई होती, डोक्यावर पदर घेतलेली. आणि दाजी सरकून माझ्या समोर गेले होते. काळे, बिनकड्याचे.

मंगलनं तोंडाला पदर लावला होता.

"म्हंजे," आक्का म्हणाली, "मीच चालत येत हुते व्हय, माझ्याकडं." आणि मग, खूप हळू, ऐकायला मला पुढे सरकावं लागलं, "डोळं गेलतं त्यांच्यासंगं. माघारी आलं बग."

ती रडली नाही. खाली वाकली, बाजूला सारलेली बाभळीची फांदी ओढून परत काठावर आडवी टाकली. मग आमच्यावर खेकसली, "हुबं काय ऱ्हायलायसा? ऊन चढलं. पाला चुरा हुतोय सगळा." त्या क्षणी दिनकरअण्णा नाक ओढत असा भराभर पाला गोळा करायला लागला, की तसा तो आयुष्यात कधी राबला नव्हता.

इथं पडदा टाकला असता तर चाललं असतं. पण त्या सकाळी मी एक गोष्ट कुणाला सांगितली नाही. मी, ज्याला खिशात गोष्ट ठेवली की खिसा जळतो! आक्का वळली तेव्हा मी पहिल्यांदा समोर नीट पाहिलं. घोंगडं माझ्या डोक्यावर होतं. म्हणजे दाजी माझ्या समोर होते, आणि नियम नियमासारखा वागत होता. तिच्या दाजींभोवतीचं जे कडं तिला दिसायचं बंद झालं होतं, ते जसंच्या तसं मला दिसत होतं. तांबडं, पिवळं, हिरवं, निळं, त्या खोळीच्या भोवती. ते माझ्याकडे बघत होते. चेहरा नसूनही बघत होते. मी घोंगडं काढलं आणि ते दिवसभर अंगाला चिकटून राहिल्यासारखं वाटत राहिलं.

पुढच्या हंगामात आक्कानं आपणहून बोलावलं आणि मग ते दरवर्षीचंच झालं; परवा गेलो होतो तो त्यासाठीच. आता माळावर आक्काच्या नातवाची मोटरसायकल जाते, खाणीला तारेचं कुंपण झालंय, तंबाखू निम्मी झालीय. दहिवर मात्र तसंच पडतं. उजाडताना आक्का माझ्याआधी रानात होती. ती पाठीमागच्या सूर्याकडे बघून म्हणाली, "आला का रं वेळंवर? घाल." आणि घोंगडं माझ्या अंगावर टाकलं. हीच ती माझी भूमिका.

धुक्यात दाजी उभे राहिले.

"जरा वाकून हुबा ऱ्हा. डावा खांदा खाली. हां." नाटक बसवणाऱ्याला लाजवेल अशी तिची नजर. "गोल दिसतोय?"

इतक्या वर्षांत तिनं हे कधी विचारलं नव्हतं. "दिसतोय," मी म्हणालो.

"कुनाच्या डोसक्याला?"

मी जरा अडखळलो. "दाजींच्या."

"पयल्या दिशीपास्नं?"

"पहिल्या दिवसापासून."

ती समोर बघत राहिली. तिच्यासाठी तिथं एक काळा आकार होता, एवढंच. "मग बरं," ती म्हणाली. "कुनाला तरी दिसतोय." आणि पदर सारखा करून, शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाक मारावी तशी, धुक्याकडे तोंड करून म्हणाली, "चा झालाय! या आता. सांगायचं हाय ते बसून सांगा."

तिनं मला कोपरानं ढोसलं. माझी खूण ती. दाजी रानातून हात वर करायचे, ऐकलं म्हणून. मी हात वर केला. समोरच्यानंही केला. आक्का समाधानानं वळली आणि किटलीकडे चालू लागली.

मी हात खाली घेतला.

धुक्यातला हात जरा उशिरा खाली आला.